पिशवी उघडण्याआधी

नर्सिंगच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला निघाल्या की पहिला धडा पिशवीचा. घरात शिरल्यावर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पिशवी ठेवायची, साबण-टॉवेल काढून हात धुवायचे, मगच आतलं सामान बाहेर. नियम चांगलाच आहे. पण वसईच्या पूर्वेला, भाताणे-पारोळच्या बाजूच्या पाड्यांवर मे महिन्यात मागितलेलं तांब्याभर पाणी कुणीतरी डोक्यावरून वाहून आणलेलं असतं. घरातली बाई नाही म्हणणार नाही. आल्यागेल्याला पाणी द्यायचंच. शहाणी मुलगी दुसऱ्या दिवशी आपली बाटली घेऊन जाते. परीक्षेत याला गुण नाहीत. असायला हवेत.

•

उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकांमागे एक, आदिवासी-डोंगरी भागात ३,००० मागे. शहरात ५०,००० मागे एक नागरी आरोग्य केंद्र. वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२,२२,३९०. भागाकार ज्याचा त्याने करावा. नालासोपारा पूर्वेला कुठल्या चाळीत नवं बिऱ्हाड आलं, कुणाची सून बाळंतपणाला गावी गेली, हे त्या भागाकारातून निघत नाही. वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीला, आशाताईला विचारावं लागतं.

•

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबं वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. बाळाचं लसीकरण कार्ड बहुतेक वेळा गावीच राहिलेलं.

"किती डोस झाले?"

"झाली ना, सुई दिली एकदा."

मग सिस्टर बाळाचा डावा दंड बघते. बीसीजीचा वण दिसला तर निदान सुरुवात झाली होती, एवढं कळतं. पुढचं कळायला गावच्या परिचारिकेला, एएनएमला फोन. तो नंबर जिच्याकडे आहे तिचं काम होतं. स्थलांतरावरचे अहवाल जाडजूड असतात, त्यात हा नंबर नसतो.

•

डॉक्टर आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला खेड्यांतल्या आरोग्याचं काम सुरू केलं. आधी शिकलेल्या नर्सना खेड्यात ठेवून पाहिलं, ते नीट जमलं नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, आणि त्यांना शिकवलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. नवजात बाळाचं वजन, ताप, मिनिटाला श्वास किती (साठ किंवा जास्त म्हणजे धोका), आणि गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा, हे सगळं गावच्या आरोग्यदूत बाईच्या हाती दिलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. आज विरारच्या चाळीत आशाताई दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाला सहा वेळा भेटते, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. त्या फेऱ्यांचं मूळ गडचिरोलीच्या झोपड्यांत आहे, हे तिला कुणी सांगितलेलं असेल का? नर्सिंगच्या वर्गात तरी सांगावं. वॉर्डात शिकलेलं घरात कसं न्यायचं यावर याहून चांगलं उदाहरण आपल्याकडे मला तरी दिसत नाही.

•

अर्नाळ्याच्या बेटावर बोटीशिवाय जाता येत नाही. पाणजूचंही तेच, वसई खाडीवरची रेल्वे तिथूनच जाते, थांबत मात्र नाही. दिवस भरत आले की बाईला आधीच किनाऱ्यावरच्या नातलगाकडे आणून ठेवायचं, हा हिशेब तिथल्या सासवा फार पूर्वीपासून करतात.

•

नर्सिंगचं शिक्षण एएनएमला दोन वर्षं, जीएनएमला तीन, बीएस्सीला चार. नर्सिंग ब्युरोतून घरच्या रुग्णाकडे बारा तासांच्या ड्युटीवर आलेल्या नालासोपाऱ्याच्या बाईचं शिक्षण चार दिवसांचं, कधी तेवढंही नाही. बोरिवलीतलं कुटुंब तिलाही सिस्टरच म्हणतं. त्यांतली एखादी दर दोन तासांनी आजोबांना कुशीवर वळवते, पोटऱ्यांखाली उशी सरकवून टाचा अधांतरी ठेवते, पाठीची कातडी रोज बघते. जखम होऊ न देणं हे अर्धं नर्सिंग आहे आणि ते आठवड्याभरात शिकवता येतं. मग ते घरच्या लेकीला-सुनेला, आणि हो, मुलालाही, दवाखान्यातून सुट्टी देतानाच का शिकवू नये? सुट्टीच्या कागदावर गोळ्यांची यादी असते, बस्स.

•

आशा कागदोपत्री स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन मिळतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या. तान्ह्या बाळांच्या त्या सहा भेटी तेव्हा कुणी दिल्या, याचं रजिस्टर एकदा बघायला मिळालं तर बरं होईल.