आप्पांचा काटा

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो. माझ्या पिकअपवर तो पाच वर्षं होता आणि पाच वर्षांत मी तो एकदाही वाचला नव्हता. माणसं आणि सामान मिळून अमुक वजनाच्या वर जाऊ नका, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. माझ्या गाडीचा आकडा होता १,४२० पौंड.

तो वाचायची वेळ आली आई-आप्पांमुळे. दोघं उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे कोलोरॅडोला येणार होते. आईला मोटेलचं बाथरूम चालत नाही आणि आप्पांना दोन दिवसांच्या वर बाहेरचं जेवण. म्हणून म्हटलं, घरच बरोबर न्यावं! एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर बघितला. विकणारा म्हणाला, "तुमची गाडी ९,२०० पौंड ओढते, हा फक्त ५,३०० चा आहे. आरामात!" मी खूश. पैसे देऊन मोकळा झालो.

तर मंडळी, गोम अशी की ५,३०० हे ट्रेलरचं कोरडं वजन. त्यात पाणी नाही, गॅसच्या टाक्या नाहीत, भांडी नाहीत, आईचा कुकर तर नाहीच नाही. सगळं भरल्यावर आमचा ट्रेलर ६,६०० च्या घरात गेला. तरी ९,२०० पेक्षा कमीच की, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, त्याच्या वजनाचा काही भाग हिचवर, म्हणजे गाडीच्या पाठीवर बसतो. तो साधारण दहा ते पंधरा टक्के असावा लागतो. माझा धरला ८५०. आता हिशोब करा. आम्ही पाच जण मिळून ६९० पौंड, वजन पुढच्या चाकांवर वाटणारा तो लोखंडी हिच ९० चा, मागच्या हौद्यात शेगडी, जनरेटर, खुर्च्या मिळून २०० आणि हे ८५०. झाले १,८३०. स्टिकर म्हणतो १,४२०.

मग ते ९,२०० आलं कुठून? हल्ली बहुतेक कंपन्या त्यासाठी एसएई जे२८०७ नावाचं एकच मानक वापरतात. टोयोटाने ते सगळ्यांत आधी, २०११ च्या मॉडेलांपासून लावलं. चाचणी कडक असते. ॲरिझोनात डेव्हिस धरणाजवळ साडेअकरा मैलांचा चढ आहे, तो भर उन्हाळ्यात एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. पण त्या हिशोबात आमच्यासारख्या पिकअपमध्ये माणसं दोनच धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. थोडक्यात, आई-आप्पांना घरी ठेवलं आणि मुलालाही शेजाऱ्यांकडे सोडलं, तर जाहिरातीतला आकडा खरा. ज्यांच्यासाठी ट्रेलर घेतला तेच त्या आकड्यात बसत नव्हते.

यावर मी एक युक्ती काढली. हिचवरचा भार कमी करायचा ना? मग सामान मागे सरकवू! ट्रेलरची पाण्याची टाकी आसाच्या मागे आहे. ती गच्च भरली, म्हणजे ४० गॅलन, सव्वातीनशे पौंडांहून जास्त. सायकली मागच्या बंपरवर बांधल्या. डबाबंद सामान मागच्या कपाटात. मनात म्हटलं, इंजिनिअर उगाच नाही झालो.

आप्पा अंगणात खुर्ची टाकून बघत होते. त्यांचं लहानपण शिरोळकडचं, ऊसाच्या गाड्यांवर गेलेलं. म्हणाले, "मागं नको रं टाकू वजन. गाडी उलळंल."

मी हसलो. म्हटलं, "आप्पा, ही बैलगाडी नाही."

"वझं वझंच की," आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच फेरी मारायला निघालो. आय-२५ वर ताशी ६२ मैल, सगळं छान. मग एक अठरा चाकी ट्रक शेजारून पुढे गेला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलरचा मागचा भाग आधी एका बाजूला ढकलला गेला, मग परत आला, आणि मग थांबेचना. आरशात एकदा डावी भिंत दिसायची, एकदा उजवी. माझ्या गाडीचं शेपूट त्याच्याबरोबर हलत होतं. पाय ब्रेककडे गेलाच होता, पण गाडीचा ब्रेक दाबायचा नाही हे कुठेतरी वाचलं होतं ते आठवलं. स्टिअरिंग सरळ धरलं, ॲक्सिलरेटर सोडला आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावणारी डॅशबोर्डजवळची कळ हाताने दाबली. पाच-सहा सेकंद गेले असतील. नुसता पाय मारला असता तर हा लेख मी लिहिला असता की नाही, सांगता येत नाही.

पुढच्या एक्झिटला गाडी थांबवली. हात थरथरत होते. आप्पा "मी सांगितलं होतं" असं काही म्हणाले नाहीत. बराच वेळ समोर बघत बसले आणि मग म्हणाले, "पाणी सोड टाकीतलं."

घरी आल्यावर मी अंघोळघरातला वजनकाटा काढला. हिचवरचं वजन घरच्या घरी मोजायची एक पद्धत आहे. एक फळी घ्यायची, एक टोक विटेवर आणि तीन फुटांवरचं दुसरं काट्यावर. विटेपासून एक फुटावर ट्रेलरची जीभ टेकवायची. काटा दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे खरा भार. पाणी आणि सायकली परत तशाच ठेवून मोजलं, तर काट्यावर १६० आलं. म्हणजे ४८०, ट्रेलरच्या वजनाच्या सात टक्के. आप्पांनी मग समजावून सांगितलं: ऊस भरताना मागे जास्त झालं तर गाडी उलळते, जू वर उचललं जाऊन बैलाचा गळा आवळतो, आणि पुढे जास्त झालं तर मान कातरते. म्हणून भरणारा गडी जू हाताने उचलून बघायचा. सगळं भौतिकशास्त्र त्या हातात होतं.

आता पर्याय तीन. ट्रेलर लहान घ्यायचा, तर पाच जण झोपणार कुठे? बायकोने दुसरी गाडी चालवत मागून यायचं, तर ती म्हणाली ही सुट्टी नसून वरात आहे. राहिली मोठी गाडी. बरेच दिवस डिझेलच्या मोहात होतो, पण डिझेल इंजिनच कित्येक शे पौंड जास्त भरतं आणि तेवढं स्टिकरवरून वजा होतं. शेवटी वापरलेली, पेट्रोलवरची पाऊणटनी घेतली. ती घेताना मी किंमत विचारायच्या आधी दार उघडून स्टिकर वाचला. २,९५०! विकणारा माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होता. असो. पैसे मात्र बरेच गेले, आणि आईचं मत असं की ही गाडी एस्टीसारखी आदळते.

जुलैमध्ये युटाला निघालो. आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीन-एक टक्के कमी होते, त्यामुळे चढावर ट्रकवाल्यांच्या मागे उजव्या लेनमध्ये ४० ने रांगत होतो. बोगद्यानंतर सिल्व्हरथॉर्नकडे सात टक्के उतार. खालच्या गिअरमध्ये उतरलो, ब्रेक अधूनमधून.

त्याआधी, घरातून निघाल्यानिघाल्या, एका ट्रकथांब्यावर काट्यावर गेलो होतो. पावतीवर एकूण १४,२८० पौंड, त्यातले ट्रेलरच्या चाकांवर ५,८१०. मी समाधानाने निघणार तोच आप्पा म्हणाले, "रिकामी गाडी कुठं मोजलीस?" साखर कारखान्यावर गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी मोजतात. ते बरोबरच होतं. ट्रेलर सोडवला, पुन्हा सगळे बसलो, पुन्हा काट्यावर. नुसती गाडी ७,६८०. म्हणजे पट्ट्या ताणलेल्या असताना गाडीवर ७९० चा भार.

आप्पांनी दोन्ही पावत्या चष्मा लावून वाचल्या. मग हळूच मला विचारलं, "हितं काटा मारत न्हाईत न्हवं?"

"नाही आप्पा."

त्यांनी पावत्या घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवल्या आणि मागच्या सीटवर आईशेजारी जाऊन बसले.