तुमचे चाकर, आमचे चाकर

हातकणंगले स्टेशनाबाहेर रिक्षावाले एकच नाव पुकारत असतात, "इचलकरंजी, इचलकरंजी!" मला जायचं होतं उलट्या अंगाला, पेठ वडगावला. सेनापती धनाजी जाधवांची समाधी तिथं आहे.

एसटी उसाच्या फडांमधून निघाली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "जनावर घ्यायला निघालाय का, पाव्हणं?" समाधी बघायला, म्हटल्यावर म्हणाले, "मग बाजारबी बघून जावा."

पाहिला. दोघं समोरासमोर उभे, हात उपरण्याखाली. आत बोटं दाबली जात होती, चेहरे मात्र कोरे. आकडा तोंडातून बाहेर पडत नव्हता. तसेच काही सौदे डोक्यात घेऊन मी समाधीपाशी गेलो.

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज दक्षिणेकडे निघाले. ताराबाईंनी हा तोतया आहे असं जाहीर केलं, सरदारांना दूधभातावर हात ठेवून शपथा घ्यायला लावल्या आणि धनाजींना फौज देऊन पाठवलं. ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला सामना झाला. हा खराच शंभूपुत्र, अशी खात्री पटलेले धनाजी तिथं शाहूंना मिळाले आणि त्यांचेही सेनापती झाले. पुढच्याच वर्षी, ताराबाईंवरच्या मोहिमेनंतर, वडगावात त्यांनी देह ठेवला.

दूधभात मोडला, एवढं म्हणून हे प्रकरण मिटत नाही. तेव्हाची फौजेची भरतीच तशी होती. घोडा आणि हत्यार स्वतःचं घेऊन येणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आणि दोघंही राजापेक्षा आपल्या सरदाराला ओळखत. सरदार वळला की पथक वळे. शिवाजी महाराजांनी रोख पगारावर फौज ठेवली होती. राजाराम महाराजांच्या काळात खजिना आटला, मोगल मनसबी देऊन माणसं फोडू लागले, तेव्हा वतनं आणि सरंजाम देऊनच माणसं टिकवावी लागली. पुढं गाद्या दोन झाल्या, शाहूंची साताऱ्याची आणि दुसरी कोल्हापूरची, आणि सनदा देणारे हातही दोन. एकानं नाकारलं तर दुसरा होताच.

धनाजींचे पुत्र चंद्रसेन हेच दाखवतात. वडिलांमागं शाहूंनी त्यांना सेनापती केलं. बाळाजी विश्वनाथांशी बिनसलं तसे १७११ मध्ये ते ताराबाईंकडे गेले आणि शेवटी निजामाकडे. त्याच वर्षी शाहूंनी बाळाजींना किताब दिला, 'सेनाकर्ते'. सैन्य लढवणारा नव्हे, सैन्य उभं करणारा! सावकारांकडून कर्ज काढून त्यांनी फौज जमवली. १७१४ मध्ये ताराबाईंच्या बाजूचे कान्होजी आंग्रेही बोलणी करून वळवले.

रिक्षावाल्यांची इचलकरंजीही याच गोष्टीतली. संताजी घोरपड्यांच्या पदरी वाढलेल्या, इचलकरंजीकर घराण्याच्या नारो महादेव जोशींनी धन्याचंच आडनाव घेतलं. धन्याचं घराणं कापशीकर घोरपड्यांचं, म्हणजे कोल्हापूरकडचं; पण नारो महादेवांच्या मुलाला, व्यंकटरावांना, बाळाजींनी आपली मुलगी अनुबाई दिली. माणूस जोडायला सनदेइतकीच सोयरीकही उपयोगी पडे.

दुपारी खोचीला वारणेकाठी उभा राहिलो. अलीकडे ऊस, पलीकडेही ऊस. याच नदीकाठी १७३० मध्ये कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या छावणीवर छापा पडला. एप्रिल १७३१ च्या तहानं वारणा ही हद्द ठरली, दक्षिणेकडचा मुलूख कोल्हापूरचा झाला. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच कलम: तुमची चाकरी सोडून आलेल्यांना आम्ही ठेवायचं नाही, आमची सोडून आलेल्यांना तुम्ही. मुलुखाची वाटणी नदीनं केली. माणसांची पळवापळवी थांबवायला मात्र शब्द द्यावा लागला.

संध्याकाळी वडगावच्या स्टँडवर आजोबा पुन्हा भेटले, खुशीत होते. "जमलं का?"

"इसार देऊन आलो. आता दुसऱ्यानं त्या बैलाकडं बघायचंबी न्हाई. बाजाराचा नेम हाय."

तोच नेम दोन छत्रपतींच्या कागदावर यायला २४ वर्षं लागली होती.