एका जिल्ह्यापुरतें वाचन

वर्षअखेरीं आपण काय काय वाचलें याचा ताळा पाहण्याची हौस बहुतेक वाचकांस असते. आम्हांसहि ती आहे. मात्र यंदा आम्हीं वाचनास एक कुंपण घातलें होतें. आमच्या जालना जिल्ह्याशीं ज्याचा कांहीं संबंध पोंचतो, तेंच पुस्तक शक्यतों हातीं घ्यावयाचें, असा तो नेम होता. जिल्हा म्हणून जालन्याचा जन्म १ मे १९८१ चा. म्हणजे आमच्या कपाटांतील कित्येक पुस्तकें त्याहून वडील. बाहेरच्या लोकांस जालना ठाऊक असतो तो बियाण्यांमुळें आणि लोखंडी सळ्यांमुळें. तेव्हां "हा नेम फार तर दोन महिने टिकेल, पुढें काय वाचणार?" अशी एका स्नेह्यांनीं थट्टा केली. वर्ष सरलें, पुस्तकें मात्र सरलीं नाहींत.

आरंभ अर्थातच दासबोधानें केला. समर्थांचा जन्म १६०८ सालीं जांब येथें झाला आणि तें गांव आज आमच्याच घनसावंगी तालुक्यांत आहे. २० दशक आणि २०० समासांचा हा ग्रंथ घरोघर पारायणानें वाचला जातो. पण पारायणांत ग्रंथ कानांवरून जातो, पोटांत उतरतोच असें नाहीं. यंदा सावकाश वाचतांना आम्ही एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासापाशीं थबकलों. परमार्थ सांगावयास बसलेला हा पुरुष तेथें चक्क हस्ताक्षर कसें असावें हें शिकवितो! अक्षर वाटोळें व सुटें असावें, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ग्रंथ एकाच हातानें लिहिल्यासारखा दिसावा, तरुणपणीं हौसेनें बारीक अक्षर काढूं नये कारण म्हातारपणीं तें आपणांसच वाचवणार नाहीं, पानाच्या कडेस जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षरास धक्का लागणार नाहीं. अध्यात्माच्या ग्रंथांत कागदाच्या कडांची एवढी काळजी वाहणारा लेखक आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाहीं. लिहिलेलें टिकलें पाहिजे, हा त्या समासाचा मथितार्थ.

याच वाचनाच्या ओघांत भोकरदनच्या उत्खननाचा शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनीं सिद्ध केलेला व १९७४ सालीं छापलेला अहवाल हातीं आला. केळना नदीच्या कांठचें हें गांव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथें हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो अवशेष सांपडला, त्याचें १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें मिळालेल्या भारतीय मूर्तीशीं विलक्षण साम्य आहे. आणि पाँपेई तर इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें! परंतु आम्हांस त्याहूनहि अधिक मोह पडला तो एका साध्या गोष्टीचा. याच भोगवर्धनच्या कांहीं भाविकांनीं सांचीच्या स्तूपास दान दिलें आणि दगडावर आपलें व आपल्या गांवाचें नांव कोरविलें. दगड टिकला, अक्षरेंहि टिकलीं. पण मधल्या काळांत ब्राह्मी लिपी वाचणारेच उरले नाहींत. शतकानुशतकें तीं नांवें उघड्यावर असूनहि मुकीं होतीं. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेपनें, सांचीच्या अशाच लहान लहान लेखांच्या शेवटीं येणारा 'दानं' हा शब्द ओळखून, तें कुलूप उघडलें. समर्थांच्या शिकवणुकीस येथें जणूं एक पुरवणी जोडली जाते: अक्षर टिकणें पुरेसें नाहीं, वाचणाराहि टिकला पाहिजे.

त्याच केळनेच्या पाण्यावर २३ सप्टेंबर १८०३ रोजीं आसईची लढाई झाली. वाटाड्ये म्हणाले नदीस उतार नाहीं. पण आमनेसामने दोन गांवें वसलेलीं पाहून वेलस्लीनें ताडलें कीं, येथें उतार असलाच पाहिजे. ही हकीकत आम्ही पूर्वीं वाचली होती. यंदा रँडॉल्फ कूपर यांचें २००३ सालचें पुस्तक वाचलें. मराठ्यांची शस्त्रें वा कवाईत कमी दर्जाची होती, हा समज त्यांनीं साधार खोडून काढला आहे. इंग्रजांकडील मेलेले व जखमी दीड हजारांवर गेले. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशीं झुंजत मेले, ही साक्षहि शत्रूनेंच लिहून ठेविली आहे. त्या गोलंदाजांपैकीं एकाचेंहि नांव मात्र आमच्या वाचनांत आलें नाहीं.

वर्षाच्या अखेरीस सेतुमाधवराव पगडी यांचें 'जीवनसेतु' पुनः वाचलें. निलंग्यास जन्मलेला हा गृहस्थ निजामी राज्यांत अधिकारावर होता. फारसी इतिहास त्यानें मराठींत आणिला, उर्दू कवितेची गोडी मराठी वाचकांस लाविली आणि गोंडांमध्यें राहून त्यांची बोलीहि शिकून घेतली. ज्या राज्यांत उच्च शिक्षण उर्दूतून दिलें जाऊं लागलें, त्यांत मराठी माणसाची कुचंबणा झाली हें खरेंच. पण त्या कुचंबणेंतूनच पगडींनीं आणखी एक दार उघडून घेतलें. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आम्हांस आमची भाषा परत मिळाली. मात्र त्या आनंदांत दुसरें दार आम्हीं कायमचें लावून घेतलें.

हें लिहिण्याचें कारण घरगुती आहे. आमच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचें एक गाठोडें आहे. त्यांत कांहीं उर्दू पुस्तकें आहेत, मोडींत लिहिलेल्या दोन वह्या आहेत. दोन्ही लिप्या वाचणारे आमचे वडील हे घरांतील शेवटचे. घराची डागडुजी निघाली तेव्हां "कोणास वाचतां येत नाहीं तें ठेवून काय करावयाचें?" असा प्रश्न मुलांनीं केला, आणि तो वावगा नव्हता. जागा थोडी, वाळवी फार. वह्यांत जमाखर्च असेल, पत्रांच्या नकला असतील, किंवा एखादी नापिकीची हकीकतहि असेल. अक्षर मात्र वाटोळें, सुटें आणि कडा सोडून लिहिलेलें आहे. लिहिणारानें आपलें काम चोख केलें आहे.

राहिलें तें आमचें काम. मुलांस आम्हीं दोन वर्षांची मुदत मागितली आहे. पुढील वर्षीं नवें पुस्तक विकत घ्यावयाचें नाहीं. मोडीची बाराखडी आणि अलिफ-बे हेंच आमचें वाचन. या वयांत तें कितपत साधेल, हें पुढील वर्षाच्या ताळ्यांत दिसेलच.