हरिहरेश्वराची प्रदक्षिणा

आम्ही देशावरचीं माणसें. पाण्याशीं आमचा संबंध नदीच्या घाटापुरता. घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्या हें पाहून पुराचा अदमास करावयाचा, यापलीकडे आमची जलविद्या कधीं गेली नाहीं. म्हणून गेल्या मार्गशीर्षांत मातोश्रींस घेऊन श्रीवर्धनानजीकच्या हरिहरेश्वरास जाण्याचें ठरलें, तेव्हां आम्हीं समुद्राचाही थोडा अभ्यास करून घेतला. कोंकणांत एक हिशेब सर्वांच्या तोंडीं असतो. तिथीच्या आंकड्यास तिहींनीं गुणावें व चोहोंनीं भागावें, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीस सहा वाजतां, चतुर्थीस तीन वाजतां. आणि ओहोटी त्याच्या सुमारें सव्वासहा तास अलीकडे. भरतीओहोटीचीं कोष्टकें हल्लीं खिशांतल्या यंत्रावरही मिळतात. परंतु पंचांगावरून समुद्राची वेळ काढतां येते, या गोष्टीचा आम्हांस जो हर्ष झाला तो त्या यंत्रानें खचित झाला नसता. प्रवासभर आम्ही हा हिशेब बरोबरच्या मंडळींस ऐकवीत होतों.

हरिहरेश्वर हें पेशव्यांचें कुलदैवत. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री येथेंच सागरास मिळते. आधीं कालभैरवाचें दर्शन, मग हरिहरेश्वराचें, आणि पुन्हां कालभैरवाचें, असा येथला शिरस्ता आहे. पण यात्रेकरूंस ओढ असते ती प्रदक्षिणेची. ती देवळाभोवतीं नव्हे, डोंगराभोवतीं घालावयाची. देवळामागच्या पायऱ्या चढून गेलें म्हणजे दोन कातळांमधली एक अरुंद घळ लागते. तींतून उतरूं लागावें, तों त्या दोन काळ्या भिंतींच्या मध्यें समुद्राची एक उभी निळी पट्टी दिसते. पायरीगणिक ती रुंदावत जाते, आणि शेवटच्या पायरीशीं वारा एकदम तोंडावर येतो. तेथून पुढें उजव्या हातास डोंगर, डाव्या हातास समुद्र, आणि पायांखालीं लाटांनीं घांसून सपाट केलेला कातळ. डोंगराच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्यासारखीं असंख्य छिद्रें पडलीं आहेत. खारें पाणी दगडांत मुरतें, सुकतें, आणि आंत राहिलेल्या मिठाचे कण फुगून दगड आंतून पोखरतात. इतकी नाजूक जाळी कोणा पाथरवटाच्या हातून उतरली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ही जाळी आणि ही वाट, दोन्हीं समुद्राचीच करणी. तो दिवसांतून दोनदां येथवर येतो म्हणून तर वाट आहे. पण हें आम्हांस त्या दिवशीं सुचलें नाहीं.

तिथि वद्य तृतीया होती. म्हणजे भरती सव्वादोनला, ओहोटी आठाच्या सुमारास. सातला निघावें असा बेत होता. परंतु अभिषेकास वेळ लागला, मग फराळ झाला, मातोश्रींस पायऱ्या चढण्यास विसावे घ्यावे लागले, आणि खालीं कातळावर उतरलों तेव्हां अकरा वाजत आले होते. भरतीच्या वेळीं प्रदक्षिणा करूं नये अशी पाटी आम्हीं वाचली होती. पण भरतीस अजून तीन तासांवर अवकाश आहे, असें आम्हीं सर्वांस बजावून सांगितलें.

थोडें पुढें गेलों तों कालवें काढणाऱ्या दोन बायका पाट्या डोक्यावर घेऊन समोरून येतांना भेटल्या. पुढची मातोश्रींकडे पाहून थबकली व आम्हांस म्हणाली, "पानी भरतंय. आजीला माघारी न्या."

आम्हीं तिलाही सव्वादोनचा हिशेब सांगितला. ती कांहीं बोलली नाहीं. दोघी निघून गेल्या.

आमचा हिशेब खोटा नव्हता. तो अपुरा होता. ओहोटीनंतर पाणी सारख्या गतीनें चढत नाहीं. पहिल्या तासांत एकंदर वाढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यांत त्याच्या दुप्पट, आणि तिसऱ्या व चौथ्या तासांत प्रत्येकीं तिप्पट, असा स्थूल नियम आहे. आम्ही नेमके त्या दोन तासांच्या मध्यावर उभे होतों. शिवाय पौर्णिमा होऊन तीनच दिवस झालेले, म्हणजे उधाणाचे दिवस. वाटेंत एक खोलगट चर होता. नऊ वर्षांचा पुतण्या आमच्यापुढें त्यांत उतरला. लाट कांहीं मोठी नव्हती. ती चरांत शिरली, त्याच्या मांड्यांपर्यंत आली आणि परतली; त्या परतण्यांत त्याचे पाय गेले. आमच्या हातांत त्याच्या सदऱ्याची कॉलर सांपडली, एवढेंच. त्याचा गुडघा फुटला होता. तो रडला नाहीं. त्याच्या दातांचा आवाज मात्र आम्हांस लाटांच्या गर्जनेंतही ऐकूं येत होता.

चरापलीकडे वाळूचा किनारा दिसत होता. अर्धी प्रदक्षिणा टाकून उलट फिरणें मातोश्रींस रुचणार नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें; वडील गेल्यापासून ही प्रदक्षिणा त्यांच्या मनांत होती. आम्ही पुढल्या लाटेनंतर चर ओलांडण्याचा विचार बोलून दाखविला. त्या तोंवर मागें वळल्याही होत्या. "देव कुठें जातो? पोराला उचल," म्हणाल्या. घळ चढतांना त्यांनीं एकदांही विसावा मागितला नाहीं.

सव्वादोनला आम्ही एकटेच वर जाऊन पाहून आलों. चर नव्हता, वाटही नव्हती. डोंगराच्या पायथ्याशीं नुसता पांढरा फेस उसळत होता.

दुसरे दिवशीं चतुर्थी. देवळांतलें सर्व मागाहून करावयाचें ठरवून आम्ही आठाच्या आंतच खालीं उतरलों. चरांत खेंकड्यांखेरीज कोणी नव्हतें. त्याच दोघी बायका कोयत्यानें कालवें फोडीत बसल्या होत्या. मातोश्री त्यांच्यापाशीं थांबल्या. कालवांस त्यांनीं जन्मांत हात लावलेला नाहीं. त्यांनीं विचारलें तें दुसरेंच.

"तुम्ही उठतां केव्हां, बाई?"

तिनें कोयता पाण्याकडे केला. तेथें एक काळा, चपटा दगड होता. "तो भिजला की उठायचं," ती म्हणाली.

दगड कोरडा होता. मातोश्रींनीं तो नीट पाहून घेतला, पुतण्याचा हात धरला, आणि आम्ही पुढें निघालों.