फॅक्स 'लागत नाही' म्हणजे नेमकं काय?

सरकारी लेटरहेडवर कार्यालयाचं नाव, पत्ता, दूरध्वनी आणि त्याखाली फॅक्स क्रमांक असतो. तो फॅक्स चालू आहे की नाही हे बघायची जबाबदारी कोणाची, हे मात्र कुठल्याच लेटरहेडवर नसतं. आज त्यावरच लिहितोय. विषय जुनाट वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. ओळखीच्या एका शेतकरी काकांना जमिनीच्या मोजणीवर हरकत घ्यायची होती. नोटीस उशिरा हाती आली. मुदतीचा शेवटचा दिवस, नाल्याला पूर, नागपूरची एसटी बंद. नोटिशीत लिहिलं होतं, हरकत समक्ष, टपालाने किंवा फॅक्सने द्यावी. ईमेलचं नाव नाही. टपाल दुसऱ्या दिवसाआधी पोचणार नव्हतं. उरला फॅक्स. गावातल्या झेरॉक्सवाल्याने दुपारपासून पाच वेळा लावला. एकदा कोणीतरी 'हॅलो, हॅलो' म्हणालं आणि फोन ठेवला. बाकी चारदा नुसती रिंग गेली.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर काका नागपूरला निघाले, मीही सोबत गेलो. टेबलावरच्या बाबूंचं उत्तर ठरलेलं: "फॅक्स आलाच नाही. मशीन तर चालूच आहे, बघा ना." खरंच चालू होतं. प्रिंट निघत होती, स्कॅन होत होतं, हिरवा दिवा लागलेला होता.

पत्रकारितेत आलो तेव्हा तालुक्याच्या बातम्या नागपूरच्या डेस्कला फॅक्सनेच जायच्या. हाताने लिहिलेली चार पानं पाठवायची आणि मग फोन करून विचारायचं, "सगळी पानं मिळाली का? वाचता येतात का?" त्यामुळे या यंत्राचे नखरे थोडेफार माहीत आहेत. बाबूंना म्हटलं, एकदा बघू का? ते म्हणाले, "बघा ना भाऊ, आमाले तर काहीच समजून नाही राह्यलं."

आधी मशीनवरून माझ्याच मोबाईलचा नंबर फिरवला. पडद्यावर आलं, 'डायल टोन नाही'. म्हणजे यंत्राला लाइनच नव्हती. मागची तार बघितली, ती भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये होती. त्याच सॉकेटला साधा फोन लावला, तोही मुका. मग विचारलं, अलीकडे फोनचं काही काम झालं का? झालं होतं. काही महिन्यांपूर्वी तांब्याची तार जाऊन फायबर आलं. नंबर तोच राहिला, पण आता तो शेजारच्या खोलीतल्या राउटरमधून निघत होता आणि तिथे साधा फोन जोडलेला होता. फॅक्स मशीन मात्र मेलेल्या सॉकेटलाच टांगलेलं.

म्हणजे काकांचा फॅक्स त्या साध्या फोनवर वाजत होता. पाठवणारं यंत्र दर तीन-साडेतीन सेकंदांनी एक 'पीं' काढतं, पलीकडे फॅक्स आहे का हे चाचपायला. तिथल्या शिपाईदादांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "पीं पीं वाजते म्हणून आम्ही ठेवून देतो."

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. राउटरच्या फोनच्या पोर्टमधून लांब तार आणून मशीनच्या 'लाइन' लिहिलेल्या भोकात घातली. शेजारचं 'एक्स्ट' लिहिलेलं भोक जवळ ठेवायच्या फोनसाठी असतं, अनेक ठिकाणी तार चुकून तिथेच असते. ऑटो आन्सर बंद होतं, ते सुरू करून दोन रिंगवर ठेवलं. फायबरवर फॅक्सचे सूर कधीकधी तुटतात, म्हणून वेग ३३६०० वरून ९६०० वर आणला. मेमरीत अडकलेली जुनी पानं छापून रिकामी केली. मेमरी भरली की यंत्र नवा फॅक्स घेतच नाही. मग झेरॉक्सवाल्याला फोन केला, लाव म्हटलं. तीन पानं आली, स्वच्छ.

काकांचं काय झालं? झेरॉक्सवाल्याने पाचही प्रयत्नांचे 'फेल' रिपोर्ट छापून दिले होते, तारीख आणि वेळेसह. ते अर्जाला जोडले. साहेब समजूतदार निघाले, हरकत दाखल करून घेतली. पण हे साहेबांच्या मनावर होतं. दुसरे असते तर 'मुदत संपली' एवढा एक शेरा पुरेसा होता.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. २१ नोव्हेंबर २०१८ ला मेहबूबा मुफ्तींनी जम्मू-काश्मीरच्या राजभवनाला सरकार स्थापनेच्या दाव्याचं पत्र फॅक्सने पाठवायचा प्रयत्न केला, ते पोचलं नाही. त्याच रात्री विधानसभा बरखास्त झाली. राज्यपाल सत्यपाल मलिक नंतर म्हणाले, ईदची सुट्टी होती, फॅक्स बघायला कोणी नव्हतं. आणि आला असता तरी निर्णय तोच असता. तो वाद राजकारणाचा, पण एका राज्याच्या विधानसभेची चर्चा फॅक्स मशीनवर येऊन थांबली हे सगळ्यांनी पाहिलं.

२०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन देऊनही आग्र्याच्या तुरुंगातले १३ कैदी आदेशाची प्रत रीतसर पोचली नाही म्हणून आतच राहिले. न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ३१ मार्च २०२२ ला आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने थेट पाठवणारी 'फास्टर' व्यवस्था सुरू झाली. ब्रिटनने तर जानेवारी २०१९ पासून सरकारी आरोग्य सेवेला नवीन फॅक्स मशीन घ्यायलाच बंदी केली. रस्ता बंद करायचा तर असा जाहीर करून करावा. आपल्याकडे रस्ता कागदावर सुरू आणि जमिनीवर बंद. त्यात अडकतो तो ज्याच्याकडे दुसरा रस्ता नाही तो.

मागणी साधी आहे. फॅक्स ठेवायचा तर दर सोमवारी एक पान पाठवून आणि मागवून बघा, वहीत नोंद करा. ठेवायचा नसेल तर लेटरहेडवरून आणि नोटिशीतून तो नंबर काढा, तिथे चालू ईमेल टाका आणि पोच द्या.

आणि तुमच्यासाठी: फॅक्स गेला नाही तरी रिपोर्ट छापून घ्या, फेकू नका. गेला तरी फोन करून किती पानं मिळाली ते विचारा आणि उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. 'ओके' म्हणजे यंत्राला मिळाला. माणसाच्या हाती पडला असं नाही.

तुमच्या तालुक्यातल्या एखाद्या कार्यालयाचा फॅक्स नंबर या आठवड्यात लावून बघा. कोण उचलतं ते खाली कमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि जिल्हाधिकाऱ्यांना देऊ. समक्ष जाऊन, पोच घेऊन.