करवतीचा घास

आयुष्याची चौतीस वर्षे इतरांच्या जमिनींच्या हद्दी कागदावर उतरविण्यात घालविलेल्या माणसाला म्हातारपणी लाकडावर रेघा मारून त्या करवतीने कापण्याचा नाद लागावा, यात कोणाला दैवाचा विनोद दिसेल, कोणाला जित्याची खोड दिसेल. आमच्या घरात मात्र या प्रकाराकडे, गच्चीवरच्या खोलीत भुसा होतो आणि दुपारची झोप मोडते, या दोनच कलमांखाली पाहिले जाते. दोन्ही आरोप मला मान्य आहेत. संभाजीनगरच्या बेगमपुऱ्यातील या खोलीच्या खिडकीतून बीबीच्या मकबऱ्याचा घुमट दिसतो, आणि खिडकीखाली, जुन्या शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर जाड फळी ठोकून केलेल्या मेजावर, ते यंत्र बसविलेले आहे.

त्याचे बाजारातले नाव स्क्रोल सॉ. आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे मिस्त्री त्याला ‘जाळीची मशीन’ म्हणतात, आणि तेच नाव मला अधिक मानवते. शिवणयंत्राचे पाय त्याला योगायोगाने लाभले हे खरे; पण या दोन यंत्रांचे गोत्र एकच असावे असा माझा जुना ग्रह आहे. मोटारीचे गरगरणे एका कण्याने वरखाली होण्यात बदलते. एकावर एक असलेल्या दोन लोखंडी भुजांच्या टोकांना पाच इंच लांबीचे, सुतळीहूनही बारीक असे पाते ताणून बसविलेले असते. आणि मिनिटाला चारशेपासून सोळाशेपर्यंत हेलकावे घेणारे ते पाते आपल्या जागेवरून तसूभरही हलत नाही. हातकरवतीत लाकूड स्थिर आणि करवत चालती असते. येथे सुई जागेवर आणि कापड फिरते, तसे लाकूड फिरवावयाचे असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आणि युरोपात ही यंत्रे पायानेच चालत, आणि घरोघरची हौशी मंडळी त्यांवर तसबिरींच्या चौकटी नि कोनाडे कापीत बसत. माथेरान-महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांच्या वळचणीला जी लाकडी झालर दिसते, ती त्याच युगाच्या अभिरुचीची आपल्याकडे उरलेली खूण आहे.

पहिल्या महिन्यात मी जितके लाकूड कापले त्याहून अधिक पाती मोडली. पाते मोडताना ‘टण्’ असा एक क्षुद्र परंतु अपमानास्पद आवाज होतो. एके दिवशी तो आवाज चारदा लागोपाठ ऐकल्यावर मिस्त्री वर आले, थोडा वेळ माझ्या पाठीमागे उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही लाकूड दाबताय. दाबू नका, नुसतं पुढं सरकवा. त्याला जेवढं खायचं तेवढंच ते खाईल.” करवत लाकूड खाते, हा त्यांचा नेहमीचा शब्दप्रयोग, पण त्या दिवशी तो माझ्या मनात रुतून बसला, आणि त्याचे पुढे काय झाले ते यथावकाश सांगेन.

त्यांच्याच सांगण्यावरून पात्यांसाठी मी प्रथम सराफ्यातल्या हत्यारांच्या एका दुकानात गेलो. सोनारी करवतीची पातीही याच लांबीची आणि अशाच नंबरांनी ओळखली जाणारी असतात; डझनाने बांधलेल्या त्या पोलादी जुड्या पाहून मला घबाड मिळाल्याचा आनंद झाला. तो एक दिवस टिकला. धातूसाठी केलेले ते अतिबारीक दाते लाकडाच्या भुशाने तत्काळ बुजतात, लाकूड कापण्याऐवजी घासू लागतात, आणि चिरेच्या कडा काळ्या पडून खोलीभर जळका वास सुटतो. लाकडाच्या पात्यात दोन दात्यांमध्ये भुसा बाहेर पडण्यास मोकळी जागा ठेवलेली असते. शिवाय सागवानात वाळूचा अंश असतो, त्यामुळे ते दिसावयास राजस पण पात्याला मारक. शिसव कठीण, पण तिची कड आरशासारखी येते. आणि शिकाऊ माणसाने खरोखर तीन मिलिमीटरच्या प्लायवूडच्या पलीकडे वर्षभर जाऊच नये. मी गेलो, हे सांगावयास नकोच.

या यंत्राची एक लकब मला विशेष आवडली. पात्याच्या दात्यांना घडवितानाच एका बाजूस सूक्ष्म कंगोरा राहून जातो, त्यामुळे पाते किंचित एकीकडे ओढते, आणि म्हणून रेघ सरळ कापली जावी अशी इच्छा असेल तर लाकूड थोडे तिरपे धरावे लागते. सरळ निकालासाठी अर्ज तिरपा धरावा लागतो, हे तत्त्व महसुलाच्या दप्तरात जन्म काढलेल्या माणसास नवीन नव्हते. शिकताना मला एवढी एकच गोष्ट पहिल्या दिवशी जमली.

जाळी ही या यंत्राची खरी विद्या. प्रत्येक छिद्रासाठी आधी बारीक गिरमिटाने भोक पाडावयाचे, पाते एका टोकाने सोडवून त्या भोकातून ओवावयाचे, पुन्हा ताणून बसवावयाचे, आतला तुकडा कापून काढावयाचा, पुन्हा पाते सोडवावयाचे. आतली छिद्रे आधी आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी, हा दंडक. कारण बाहेरची कड एकदा सुटली की हातात धरावयास काही उरत नाही. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा गणपतीच्या मखराचा प्रश्न आमच्या घरीही उभा राहिला, आणि मी उत्साहाच्या भरात मकबऱ्याच्या जाळीचे मखर करण्याचे कबूल करून बसलो. ओंकाराभोवती मोगली जाळी शोभेल का, असा एक आक्षेप निघाला होता. पण फुलाला आणि अष्टकोनाला मी कधी कोणाची जात विचारलेली नाही.

त्या निमित्ताने, जन्मभर खिडकीतून पाहिलेली ती वास्तू मी वही-पट्टी घेऊन प्रथमच नीट पाहिली. दिलरसबानू बेगमेच्या कबरीभोवती संगमरवराचा अष्टकोनी जाळीदार कठडा आहे. दरवाजावरील लेखात शिल्पी अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे असून काळ 1660-61चा आहे. बांधकामाचा खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे झाल्याचे लिहून ठेवलेले आहे. त्या सात आण्यांनी मला जो विश्वास वाटला तो वरच्या सहा लाखांनी वाटला नाही. संगमरवराने लादलेल्या तीनशे गाड्या तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने वाटेत पाहिल्या, आणि त्यांतल्या सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल होते, असे त्याने नोंदविले आहे. एवढे ओझे येथवर आणावयाचे, ते केवळ त्यातला बराचसा दगड भुकटी करून टाकून देण्यासाठी! जाळी कोरणाऱ्याचा पैसा, जे उरले त्यावर नव्हे, जे काढून टाकले त्यावर खर्च होतो, हे गणित मला दोनशे बारा छिद्रे पाडून झाल्यावर कळले. मखर चतुर्थीच्या आदल्या रात्री दोन वाजता पुरे झाले. डावीकडची एक पाकळी तुटून डिंकाने जोडलेली आहे. ती कोणती, ते मी अद्याप कोणास दाखविलेले नाही.

आमच्या जिल्ह्यात लाकडाच्या धंद्याचे खरे देवस्थान मात्र दगडात आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास खोदलेल्या त्या चैत्यगृहाच्या छताला दगडाच्याच कमानदार फासळ्या आहेत. छत तोलण्यासाठी त्यांची काडीइतकी गरज नाही, तरी पूर्वी लाकडी मंडपांना त्या असत म्हणून एकही न वगळता त्या कोरल्या आहेत. कार्ल्याच्या लेण्यात तर खऱ्या लाकडाच्या फासळ्या आजही शाबूत आहेत. वेरूळला येईपर्यंत लाकूड गेले आणि लाकडाची सवय तेवढी उरली. आत व्याख्यानमुद्रेत बसलेली भव्य बुद्धमूर्ती आहे, आणि सुतारांनी तिला परंपरेने विश्वकर्मा मानले. मूर्तीच्या दोन्ही हातांची बोटे एकमेकांना लागलेली आहेत. त्याची लोककथा अशी की, लेणे घडविता घडविता देवाच्या सुताराचे बोट कापले आणि ते धरून तो बसला, ते काम तिथेच थांबले. पंडितांना या कथेने हसू येईल. मी ती प्रथम ऐकली त्याच आठवड्यात माझ्या डाव्या तर्जनीचे नख पात्याखाली सापडले होते. बोट दुसऱ्या हातात धरून मी ज्या मुद्रेने जिना उतरलो, ती पाहिल्यापासून ही कथा रचणारा माणूस पंडित नसला तरी सुतार होता, याविषयी मला संदेह उरलेला नाही.

आता करवतीच्या खाण्याविषयी. मोजणीच्या कागदावरील रेघेला लांबी असते, जाडी नसते, या श्रद्धेवर आमचे सारे खाते उभे होते. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, फलकयंत्र, गुणिया (हे हत्यार सुताराच्या पेटीतही असते, पण ते वेगळे), आणि या साऱ्यांनी सिद्ध झालेला नकाशा. दोघा भावांत चार एकरांची फाळणी झाली की प्रत्येकास दोन दोन एकर मिळाले, बेरीज बिनचूक, कैफियत निकाली. परंतु त्याच रेघेवर पुढल्या पावसाळ्यापूर्वी बांध पडे, आणि बांधाला जाडी असे. तो कोणाच्या अंगावर पडला, कोणाचा नांगर त्याला किती घासून गेला, यावरून पुन्हा अर्ज, पुन्हा हरकत, पुन्हा आम्ही साखळी घेऊन हजर. थोरला म्हणे धाकट्याने खाल्ले, धाकटा म्हणे थोरल्याने; आणि मी नकाशावर बोट ठेवून दोघांना सांगत असे की कोणी काहीच खाल्लेले नाही. मिस्त्रींचे वाक्य ऐकले त्या दिवशी मी कापलेल्या फळीचे दोन तुकडे पुन्हा जुळवून उजेडासमोर धरले. मधून प्रकाशाची एक बारीक तिरीप आली. अर्ध्या मिलिमीटरहून कमी, पण आली. खाल्ले होते, आणि ते थोरल्याकडेही नव्हते, धाकट्याकडेही नव्हते. ते मेजाखाली भुशात पडले होते. चौतीस वर्षे मी त्या लोकांना चुकीचे सांगितले.

हा घास भरून काढण्याची एक युक्ती या विद्येत आहे, आणि तिच्यावर मी बेहद्द खूष आहे. सागाची आणि शिसवीची अशा दोन पातळ फळ्या एकावर एक चिकटवावयाच्या, यंत्राची पाटी तीनएक अंशांनी कलती करावयाची, आणि दोन्ही फळ्यांतून एकाच वेळी, एकाच दिशेने फिरत, पान कापावयाचे. कड तिरपी कापली गेल्यामुळे वरच्या फळीतले पान बाटलीच्या बुचासारखे खाली निमुळते होते. ते खालच्या फळीच्या भोकात दाबले की बरोबर एका फळीच्या जाडीइतके उतरते आणि घट्ट बसते, कोठे केसही शिरत नाही. कल किती द्यावा हे फळीची जाडी आणि पात्याची जाडी पाहून ठरते. आधी भंगार तुकड्यावर प्रयोग करावा, पान सैल बसले तर अर्धा अंश वाढवावा, अर्ध्यातच अडकले तर कमी करावा. फिरण्याची दिशा चुकली तर बूच उलटे होते आणि पान आरपार खाली पडते. माझी अशी सात पाने पडली, आठवे बसले, आणि त्यावरून बोट फिरवीत मी संध्याकाळ काढली.

जमिनीला असा कल देता येत नाही, म्हणून मी नकाशाच लाकडात कापावयास घेतला. कल्पना माझी नव्हे. लंडनचा जॉन स्पिल्सबरी याने 1760 नंतरच्या दशकात नकाशे लाकडाच्या पातळ फळ्यांवर चिकटवून देशांच्या सीमांवरून करवतीने कापले आणि मुलांना भूगोल शिकविण्यासाठी विकले. तुकडे जुळविण्याच्या आजच्या साऱ्या कोड्यांचा तो मूळपुरुष. माझ्या नातीला मराठवाड्याचे जिल्हे पाठ होईनात, तेव्हा मी सहा मिलिमीटरच्या प्लायवर नकाशा चिकटविला. मी तिच्या वयाचा होतो तेव्हा हे कोडे पाच तुकड्यांचे झाले असते. 1981 साली जालना निघाला, 1982 साली लातूर, 1999 साली परभणीतून हिंगोली. पाचांचे आठ झाले. संभाजीनगर-जालन्याच्या दक्षिणेला आणि बीडच्या उत्तरेला गोदावरी आहे, तेव्हा तेथे कापावयाची ती हद्द नव्हे, नदीच. चार नंबरचे पाते घालून, वेग कमी करून, तिच्या प्रत्येक वळणापाशी पाते जागेवर चालू ठेवून लाकूड हलकेच फिरवीत मी दोन दिवस गोदावरी उतरत होतो. पैठणच्या वर नाथसागरापाशी मात्र हात थबकला. 1976 साली जायकवाडीचे धरण पुरे झाल्यापासून तेथे जिल्ह्याची हद्द पाण्याखालून जाते. वर मासेमारांच्या होड्या असतात, आणि खाली बुडालेल्या शिवारांची, आमच्यासारख्याच कोणी तरी साखळीने मोजलेली शीव असते. कागदावर ती रेघ होती. मी ती कापली.

“आजोबा, हे तुकडे हलतात,” नात म्हणाली. हलणारच, असे म्हणून मी तिला घासाची सारी हकीकत ऐकविली. ती तिने निम्मी ऐकली आणि बीड उलटे बसविले.

कोडे सध्या सात तुकड्यांचे आहे. हिंगोली हरवली असून पलंगाखाली, कोठीत आणि केराच्या टोपलीत शोधून झाली आहे. परभणी-नांदेडच्या मधल्या रिकाम्या जागेवर कागद ठेवून मी तिचा आकार पेन्सिलीने उतरवून घेतला आहे, आणि चार नंबरची पाती संपली आहेत ती आली म्हणजे नवी कापणार आहे.