टिंबाआड राहिलेले शब्द

आमच्या घरी लिनक्स आलं ते पोस्टानं. २००८ साली उबुंटू या लिनक्सची सीडी मागितली की फुकट घरपोच यायची. तेव्हापासून पंधरा वर्षं मी तेच वापरलं. मी संगणकातला माणूस नव्हे. शाळेत भूगोल शिकवतो आणि उरलेल्या वेळात वडील सांगतात ते शेतीतले शब्द टिपून ठेवतो. रुमणं, चाडं, शिवळ, जुपणी. बैल गेले, अवजारं माळ्यावर गेली. शब्द तरी राहावेत एवढाच हेतू.

२०२३च्या दिवाळीच्या सुट्टीत डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर जायचं ठरवलं. उबुंटूवर राग नव्हता. माझा लॅपटॉपच म्हातारा झाला होता: चार जीबी रॅम आणि आत घरघरणारी हार्ड डिस्क. त्याला हलका, साधा डेस्कटॉप हवा होता. शिवाय उबुंटू मुळात डेबियनवरूनच बनतं, तेव्हा नदी तीच, आपण जरा वरच्या अंगाला चाललोय, असं मी स्वतःला सांगितलं. इयन मरडॉक यांनी १९९३मध्ये डेबियन सुरू केलं. नाव ठेवलं ते मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोघांची नावं जोडून. आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं देतात. २०२३च्या जूनमध्ये आलेली बारावी आवृत्ती होती ‘बुकवर्म’. शब्द वेचणाऱ्याला नावच आवडलं.

‘होम’मधले, म्हणजे माझ्या फायलींच्या घरातले, सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केले, दोनदा मोजून पाहिले आणि ‘पूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय निवडला. पूर्वी डेबियन टाकताना वाय-फाय चालवणारं फर्मवेअर मुक्त नाही म्हणून वेगळं शोधून आणावं लागे. २०२२मध्ये डेबियनच्या स्वयंसेवकांनी मतदान करून ते इन्स्टॉलरमध्येच घेतलं, त्यामुळे माझं वाय-फाय पहिल्या फटक्यात लागलं. गडबड केली ती मी. इन्स्टॉलरनं रूटचा, म्हणजे यंत्राच्या मुख्य कारभाऱ्याचा, पासवर्ड विचारला, मी इमानदारीत दिला. तो रिकामा सोडला असता तर सुडो, म्हणजे रूटचे अधिकार वापरायची मुभा, आपोआप मिळालं असतं. आता कुठलीही सुडो कमांड दिली की उत्तर यायचं, तुमचं नाव यादीत नाही. घर माझं, किल्ली माझी आणि दारात मीच अडलेला! रूट होऊन स्वतःला सुडो गटात घातलं, तेव्हा कारभार सुरू झाला.

मग मराठी टाइप करण्यासाठी आयबस हा प्रोग्रॅम बसवून इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला. नव्या यंत्रावर मी आधी ‘दोऱ्या’ टाइप करून बघतो. शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य. ‘ऱ्य’ नीट उमटला की मराठी आली समजायचं. आली. खुशीत शब्दांची फाइल उघडली आणि शुद्धलेखन तपासणी लावली. पानभर लाल नागमोडी रेघा. रुमणं चूक, चाडं चूक, शिवळ चूक.

लिबरऑफिसला हे शब्द मी एकेक करून शिकवले होते. उजवं बटण दाबायचं, ‘शब्दकोशात घाला’ म्हणायचं. सहा वर्षं हे चाललं होतं. तो शब्दकोश होता ‘.config’ नावाच्या फोल्डरमध्ये. नावाच्या आधी टिंब असलं की लिनक्स ते फोल्डर दाखवत नाही. मला दिसलं नाही, म्हणून मी कॉपी केलं नाही. होमचं वेगळं पार्टिशनही केलेलं नव्हतं. सगळं पुसलं गेलं.

नंतर वाचलं की हे टिंबाचं प्रकरण मुळात एका आळसातून आलंय. लिनक्स ज्याच्या वळणावर बनलं त्या युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत फायलींच्या यादीतून ‘.’ आणि ‘..’ या दोनच नोंदी वगळायच्या होत्या. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सोपा मार्ग काढला: पहिलं अक्षर टिंब असेल तर वगळ. त्यामुळे टिंबानं सुरू होणारं सगळंच लपलं आणि पुढे लोक मुद्दाम तिथे आपापल्या सेटिंग ठेवू लागले. युनिक्सच्या जुन्या मंडळींपैकी रॉब पाईक यांनी ही हकीकत सांगितली आहे. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या त्या आळसाचा हिशेब माझ्या शब्दकोशापर्यंत येऊन पोचला.

डेबियनबद्दल मात्र तक्रार नाही. लॅपटॉप शांत चालतो, मध्येच काही बदलत नाही, मला आणखी काही नको. मूळ फाइल शाबूत होती, म्हणून शब्द गेले नाहीत. गेली ती यंत्राची ओळख. ती परत करून देतोय, रोज संध्याकाळी दहा-पंधरा शब्द. वडील शेजारी बसून ऐकतात आणि मध्येच एखाद्याचा अर्थ दुरुस्त करतात.

तुम्ही कुठलंही लिनक्स सोडून कुठल्याही लिनक्सवर जा. फक्त कॉपी करण्याआधी फाइल मॅनेजरमध्ये एकदा कंट्रोल-एच दाबा. लपलेलं सगळं दिसेल. ते आधी उचला.